मोबाईलमधली उपासना अडते तेव्हा

आज आम्ही तुमच्याशी एका लहानशा गोष्टीवर बोलणार आहोत. गोष्ट लहान खरी, पण ती अडली की जीव कासावीस होतो. मोबाईलवर उपासना पाहत असावे, गीत रंगात आलेले असावे, आणि एकदम चित्र थांबावे! पाळकसाहेबांचे तोंड उघडे ते उघडेच राहते. मधोमध एक गोल चकरी फिरू लागते. ती फिरतच राहते. अशा वेळी काय करावे?

आम्ही हे चर्चच्या उपासनेविषयी सांगतो आहोत, कारण आम्हाला अनुभव आला तो तिचाच. पण कोणी कीर्तन पाहतो, कोणी प्रवचन ऐकतो, कोणी तकरीर ऐकतो. मोबाईल सर्वांचा सारखाच. त्याचे रुसणे सारखे आणि त्याची समजूत काढण्याची रीतही सारखीच.

आधी आमची फजिती सांगतो.

दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी आमचा साक्षरतेचा वर्ग चालतो. तेथे एक आजी येत असत. वय सत्तरीला टेकलेले. बाराखडी शिकल्या, जोडाक्षरे शिकल्या, हळूहळू वाचू लागल्या. गेल्या पावसाळ्यात त्या अंगणात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. चालणे बंद झाले. मग आम्ही वर्ग त्यांच्या बाजेपाशी भरवू लागलो.

आजी दर रविवारी छत्रपती संभाजीनगरला चर्चमध्ये उपासनेला जात. शहर ते केवढे दूर? सुमारे पंधरा किलोमीटर. पण बाजेवरच्या माणसाला तेवढेही फार. मुलगा वाळूजला कारखान्यात काम करतो. त्याने आजींना मोबाईल घेऊन दिला. चर्चची उपासना मोबाईलवर दिसते, ती आजी घरी पडल्या पडल्या पाहू लागल्या.

एका रविवारी आजोबांना जाऊन वर्ष होणार होते. उपासनेत त्यांचे नाव घेऊन प्रार्थना व्हायची होती. मुलगा चर्चला जाणार होता. आजी आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, मला बाकी काही नको. त्यांचं नाव तेवढं कानावर पडू द्या."

आम्ही वेळेवर गेलो. उपासना लावली. पहिले गीत नीट झाले. मग चित्र अडखळू लागले, आणि चकरी सुरू झाली. आम्ही इकडे दाबले, तिकडे दाबले. मोबाईल झटकला. ॲप बंद केले, पुन्हा उघडले. वर काही तरी आले ते बोटाने बाजूला सारले. मोबाईल घेऊन अंगणात गेलो, ओट्यावर चढलो. अर्धा तास असा गेला. तेवढ्यात मुलाचा फोन आला, "आई, ऐकलंस ना?"

आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आम्हाला मान वर करवेना.

थोड्या वेळाने आजीच म्हणाल्या, "गुरुजी, मघाशी वरती अक्षरं आली होती. तुम्ही बोटानं सारलीत. काय लिहिलं होतं हो?"

आम्ही ते संदेश पुन्हा उघडले. मोबाईल कंपनीचा संदेश होता. आजचा डेटा संपला, असे देवनागरीत स्वच्छ लिहिले होते. नातू रात्री बारानंतर दोन वाजेपर्यंत सिनेमा पाहत बसला होता. त्या दिवसाचा बहुतेक डेटा सकाळ होण्याआधीच उडाला होता!

पाहा, आम्ही शिकवणारे. अक्षर आम्ही बाजूला सारले, आणि कालपरवा वाचायला शिकलेल्या आजींना ते दिसले. त्या दिवसापासून आम्ही एक धडा घेतला. मोबाईल अडला की आधी वाचावे, मग बोट लावावे. आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे. पुढचे सारे त्याचा विस्तार आहे.

ही मोबाईलवरची उपासना आली कोठून? काही ठिकाणी ती आधीपासून होती. पण घरोघरी गेली ती २०२० साली. करोनाची साथ आली. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. त्या वर्षी १० एप्रिलला उत्तम शुक्रवार होता आणि १२ एप्रिलला ईस्टर. देऊळ बंद, मशीद बंद, चर्च बंद. रोमला पोपसाहेबांनीही ईस्टरची उपासना जवळजवळ रिकाम्या चर्चमध्ये केली आणि जगाने ती घरी बसून पाहिली. आपल्या महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० ला दिवाळीच्या पाडव्याला उघडली, २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. लोक परत बाकांवर बसू लागले. पण आजारी माणूस, म्हातारे माणूस, परगावी कामाला गेलेला मुलगा यांच्यासाठी कितीतरी मंडळ्यांनी मोबाईलवरची उपासना चालूच ठेवली. म्हणून ती नीट दिसणे हे चैनीचे काम नव्हे. बाजेवरच्या माणसाला तीच वाट उरलेली असते.

आता हे चित्र आपल्या हातात येते कसे, ते समजून घेऊ. त्यासाठी लांब जायला नको. आपल्याकडे पाण्याची मोठी विद्या होती. शहरातली पाणचक्की तुम्ही पाहिली असेल. दूरच्या डोंगरातले पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून तेथे आणले आहे. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी शहरासाठी नहर बांधली ती अशीच. आपल्या किल्ल्यातला हत्ती हौद तर तुमच्या रोजच्या पाहण्यातला.

मोबाईलचे चित्रही असेच येते. उगम म्हणजे चर्च. तेथे कोणीतरी कॅमेरा लावून बसलेला असतो. चित्र तेथून निघते, कंपनीच्या मोठ्या यंत्रांत जाते, तेथून तारांनी आपल्या भागातल्या टॉवरपर्यंत येते, आणि टॉवरवरून हवेतून आपल्या मोबाईलमध्ये उतरते. मोबाईलमध्ये एक छोटा हौद असतो. पुढचे थोडे चित्र त्यात आधीच साठते आणि आपण त्यातून पाहतो. हौदात येणारी धार बारीक झाली आणि आपला उपसा जास्त झाला तर काय होईल? हौद कोरडा पडेल. मोबाईलचा हौद कोरडा पडतो तेव्हाच ती चकरी फिरते. चकरी म्हणजे बिघाड नव्हे. "थांबा, पाणी येऊ द्या," असे मोबाईल सांगत असतो.

नळाला पाणी आले नाही तर शहाणा माणूस काय करतो? आधी शेजाऱ्याला विचारतो. मग आपली तोटी पाहतो. मग नळ पाहतो. पहिल्याच दमात भिंत फोडत नाही. आपणही तसेच पाच प्रश्न क्रमाने विचारू.

पहिला प्रश्न. मोबाईल काय म्हणतो?

पडद्यावर जी अक्षरे येतात ती सावकाश वाचा. मोबाईल इंग्रजीत असेल तर तो मराठी करून घ्या. सेटिंग्जमध्ये भाषा निवडण्याची सोय असते, तीत मराठीही असते. एकदा कोणाकडून हे करून घेतले की पडदा तुमच्याशी तुमच्या बोलीत बोलू लागतो. मग तुम्ही ऑफलाइन आहात असे शब्द दिसले, तर नेट बंद आहे असे समजावे. व्हिडिओ उपलब्ध नाही किंवा खाजगी आहे असे दिसले, तर तो पाठवणाऱ्यांनी काढला किंवा झाकून ठेवला आहे. तेथे तुमच्या मोबाईलचा काही दोष नाही. थेट प्रक्षेपण अजून सुरू झाले नसेल, तर तसेही लिहिलेले असते. मग घड्याळ पाहावे आणि वाट पाहावी.

दुसरा प्रश्न. सगळ्यांचेच अडले की माझेच?

मंडळीतल्या दुसऱ्या घरी फोन लावा. त्यांच्याकडेही थांबले असेल तर अडचण उगमाशी आहे. चर्चमधले नेट कमी पडले असेल, तेथली वीज गेली असेल. आपण आपला मोबाईल कितीही दाबला तरी उपयोग नाही. स्वस्थ बसावे. आणि त्यांच्याकडे नीट चालले असेल, तर आपल्याकडे पाहावे. कोणाला फोन लावणे शक्य नसेल तर दुसरा एखादा व्हिडिओ लावून पाहा. तो सरळ चालला, तर तुमचे नेट ठीक आहे.

तिसरा प्रश्न. डेटा आहे का? रेंज आहे का?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. डेटा म्हणजे तुमच्या वाट्याचे पाणी. रेंज म्हणजे नळाची धार.

पॅकवर रोजचा डेटा ठरलेला असतो. कोणाचा एक जीबी, कोणाचा दीड, कोणाचा दोन. बहुतेक पॅकचा नवा दिवस रात्री बारा वाजता सुरू होतो. रविवारी उपासना पाहायची असेल तर शनिवारी रात्री पोरांना सांगून ठेवावे, "बाबांनो, बारानंतर हात लावू नका." डेटा संपलाच, तर थोडा जादा डेटा विकत मिळतो. मोबाईलमध्ये दोन सिम असतील तर नेट कोणत्या सिमवर चालू आहे तेही पाहावे. रिचार्ज एका सिमवर आणि नेट दुसऱ्यावर, असे पुष्कळदा होते.

रेंजचे म्हणाल तर डोंगर आणि जाड भिंती लाटांना अडवतात. किल्ल्याच्या आडोशाला राहणाऱ्यांना हे सांगायला नको. मोबाईल आतल्या खोलीतून खिडकीपाशी आणावा, ओट्यावर ठेवावा. तरी जमले नाही तर विमानाचे चित्र असलेले बटण दाबावे, दहा अंक मोजावेत आणि ते पुन्हा दाबून बंद करावे. मोबाईल टॉवरला नव्याने शोधतो. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

धार बारीकच असेल तर उपसा कमी करावा. युट्यूबवर चित्राला बोट लावले की कोपऱ्यात दाताळ्या चाकाचे चिन्ह दिसते. ते दाबले की गुणवत्ता असा शब्द येतो. त्यात आकडे असतात: १४४, २४०, ३६०, ४८०, ७२०. चित्रात वरपासून खालपर्यंत ठिपक्यांच्या किती ओळी आहेत, ते हा आकडा सांगतो. ७२० च्या चित्रात ३६० च्या चौपट ठिपके असतात. मग त्याला डेटाही पुष्कळ लागतो. आकडा उतरवून २४० वर आणा. चित्र थोडे पुसट होईल, पण अडणार नाही. लहानशा पडद्यावर पाळकसाहेबांच्या झग्याच्या घड्या मोजायच्या आहेत थोड्याच?

चौथा प्रश्न. चित्र आहे, पण आवाज कोठे गेला?

व्हिडिओ चालू असतानाच बाजूचे वरचे बटण दाबा. फोनच्या घंटीचा आवाज आणि व्हिडिओचा आवाज हे वेगळे असतात. घंटी मोठी असली तरी व्हिडिओ मुका असू शकतो. मग वर निळ्या दाताचे, म्हणजे ब्लूटूथचे, चिन्ह आहे का पाहा. ते चालू असले की आवाज दुसऱ्या खोलीतल्या पेटीतून निघत असतो आणि आपण येथे कान लावून बसतो.

कधी असेही होते, की बोलणे ऐकू येते आणि गीत सुरू झाले की आवाज जातो. त्याचे कारण निराळे आहे. गाण्याच्या ध्वनिमुद्रणावर कोणाचा तरी हक्क असतो. कंपनीचे यंत्र ते गाणे ओळखते आणि तेवढा आवाज बंद करते. गीत जुने असून भागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क केव्हाच सरला. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तो राहतो. पण तेच गीत कोणी अलीकडे गाऊन भरले असेल, तर त्या ध्वनिमुद्रणावर त्याचा हक्क असतो. याला घरी उपाय नाही. चर्चमध्ये व्हिडिओ सांभाळणाऱ्या मुलांना हे सांगावे. मंडळीने स्वतःच्या गळ्याने गायिले, तर ही अडचण क्वचितच येते. आणि ऐकायलाही ते गोड लागते.

पाचवा प्रश्न. मोबाईल दमला तर नाही?

मोबाईल उन्हात ठेवला की तापतो आणि मंद होतो. सावलीत ठेवा. फोटो आणि व्हिडिओंनी तो गच्च भरला असेल तर नको ते काढून टाका. तारीख आणि वेळ बरोबर आहे का पाहा. तारीख चुकलेली असली की नेटवरची दारे उघडत नाहीत, कारण त्या दारांचे परवाने तारखेवर चालतात. ॲप फार जुने झाले असेल तर प्ले स्टोअरमधून नवे करून घ्या. आणि शेवटी, पूर्ण मोबाईल बंद करून पुन्हा चालू करा. हा उपाय साधा आहे, पण मोठमोठे जाणकारही तोच करतात.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. किल्ल्यातल्या अंधारीत आपण धावतो का? एक पाय रोवतो, मग दुसरा उचलतो. येथेही एक गोष्ट करावी आणि काय फरक पडला ते पाहावे. चार गोष्टी एकदम केल्या तर कशाने सुधारले ते कळत नाही आणि कशाने बिघडले तेही कळत नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट. ती नीट कान देऊन ऐका.

अडलेल्या माणसाला लुबाडणारे पुष्कळ. कोणी फोन करतो, "मी कंपनीतून बोलतो, तुमचं नेट सुधारून देतो. एक ॲप घ्या. आलेला आकडा सांगा." सांगू नका! तो आकडा म्हणजे तुमच्या पेटीची किल्ली आहे. त्या ॲपमुळे तुमचा पडदा त्याला दिसू लागतो आणि बँकेतले पैसे जातात. उपासना पाहण्यासाठी पैसे भरा, बँकेचा नंबर द्या, असे कोणी म्हणाले तरी थांबा. आधी आपल्या पाळकांना विचारा. व्हॉट्सॲपवर अनोळखी माणसाने पाठवलेली लिंक दाबू नका. आणि फसवणूक झालीच तर लाजू नका, लपवू नका. लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे वाचण्याची आशा जास्त.

कोणी म्हणेल, "गुरुजी, सगळं करून पाहिलं. तरी नेट येईना. मग?"

मग साधा फोन आहे ना! चर्चमधल्या ओळखीच्या माणसाला सांगावे, "बाबा, मला फोन लाव आणि चालूच ठेव." साध्या फोनला डेटा लागत नाही. चित्र दिसणार नाही, पण गीत ऐकू येईल, प्रार्थना ऐकू येईल. आणि चर्चने काढून टाकली नसेल, तर उपासना पुढेही मोबाईलवर राहते. आज चुकली तर उद्या पाहता येते.

आजींचे तसेच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा डेटा आला. आम्ही तोच व्हिडिओ पुन्हा लावला. आकडा २४० वर उतरवला. आजी उशीला टेकून बसल्या. प्रार्थना आली. पाळकसाहेबांनी आजोबांचे नाव घेतले. आजी म्हणाल्या, "परत लावा." आम्ही परत लावले. त्यांनी ते तीनदा ऐकले. नातू दाराशी उभा होता. तो खाली मान घालून म्हणाला, "आजी, शनिवारी रात्री मी मोबाईल तुझ्या उशाशी ठेवत जाईन."

महिन्याभराने आम्ही गेलो, तर शेजारच्या मावशी आपला मोबाईल घेऊन आजींपाशी आलेल्या. कीर्तनाचे चित्र दिसे, पण आवाज नव्हता. आजींनी चष्मा लावला. पडदा वाचला. बाजूचे बटण दाबले. मग म्हणाल्या, "अगं, तुझ्या पोराची ती गाण्याची पेटी चालू हाय का बघ." मावशी घरी धावल्या. कीर्तनकारबुवा आतल्या खोलीत, बंद दाराआड, एकटेच रंगात आले होते!

आजींच्या बाजेपाशी भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. अक्षर आजींचे आहे. वाकडेतिकडे आहे, पण वाचता येते. त्यांच्या परवानगीने तो आम्ही उतरवून घेतला. तुम्हीही आपल्या हाताने लिहा आणि भिंतीला लावा.

१. आधी वाचायचं. मग दाबायचं.
२. दुसऱ्या घरी विचारायचं.
३. डेटा हाय का? रेंज हाय का? आकडा कमी करायचा.
४. आवाजाचं बटण. निळा दात.
५. बंद करून चालू करायचा.
आलेला आकडा कुणाला सांगायचा नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, तुम्ही रात्री जागून अक्षरे शिकलात. ती केवळ पुस्तकासाठी नाहीत. एसटीची पाटी वाचायला ती आहेत, औषधाची बाटली वाचायला आहेत, आणि मोबाईलचा पडदा वाचायलाही आहेत. चकरी फिरू लागली की घाबरू नका. कोणी येईल आणि करून देईल म्हणून वाट पाहत बसू नका. चष्मा लावा आणि वाचा. पुष्कळदा उत्तर तेथेच लिहिलेले असते.